अलंकार आणि युक्तिवाद : मतप्रवर्तक गद्यातील काही मूलभूत संज्ञांचा विचार

१. प्रास्ताविक

अलंकार ही संज्ञा मराठीच्या विद्यार्थ्याला शालेय वयातच भेटते. कवितेची ओळ द्यावी, विद्यार्थ्याने उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांपैकी नाव सांगावे आणि उपमेय-उपमान वेगळे करून दाखवावे, ही पद्धत पदव्युत्तर वर्गापर्यंत फारशी बदलत नाही. कवितेच्या अध्यापनात तिचा काही उपयोग असतो. परंतु निबंध, अग्रलेख, प्रकट पत्र, पुस्तिका अशा, वाचकाचे मत घडविण्याच्या हेतूने लिहिलेल्या गद्याकडे वळल्यावर ती अपुरी पडते. आगरकरांच्या किंवा शिवराम महादेव परांजपे यांच्या निबंधांवरील उत्तरपत्रिकेत ‘भाषा ओघवती आहे, दृष्टांत समर्पक आहेत, उपरोध प्रभावी आहे’ अशी यादी येते. यादी खोटी नसते. पण दृष्टांत कोणत्या विधानाला समर्पक आहे, उपरोधाने नेमके काय सिद्ध झाले, हे प्रश्न तिच्यात उद्भवतच नाहीत. निबंधकारांवरील प्रबंधांत ‘शैलीविशेष’ या मथळ्याखाली जे प्रकरण असते, त्याची अवस्थाही पुष्कळदा याहून वेगळी नसते.

ज्या लेखनाचा हेतू वाचकाचे मत घडविणे, पालटणे किंवा त्यास कृतीस प्रवृत्त करणे हा असतो, त्याला येथे मतप्रवर्तक लेखन म्हटले आहे. अशा लेखनातील अलंकार हा युक्तिवादाचाच एक टप्पा असतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. जे विधान एरवी उघडपणे मांडून सिद्ध करावे लागले असते, ते अलंकार वाचकाकडून न बोलता कबूल करून घेतो. म्हणून अलंकाराचे नाव ओळखल्यावर आणखी दोन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. या रचनेने वाचकाकडून कोणती कबुली घेतली? आणि ती कबुली मिळविण्याइतका आधार लेखकाने दिला आहे काय?

विवेचनासाठी इ. स. १८४८ ते १९२० या काळातील मराठी गद्य आधारास घेतले आहे. उदाहरणे मुख्यतः लेखांची व ग्रंथांची शीर्षके आणि त्यांची रचना यांतून घेतली आहेत. शीर्षक हा मतप्रवर्तक गद्याचा सर्वांत लहान घटक असून लेखकाची भूमिका त्यात अत्यंत संक्षेपाने उतरलेली असते. जेथे स्वतंत्र वाक्ये दिली आहेत, ती केवळ विवेचनापुरती रचलेली आहेत.

२. संज्ञांची पार्श्वभूमी

मन वळविण्याच्या शास्त्राचा विचार करताना तीन परंपरांतील संज्ञा आपल्या हाताशी आहेत.

पहिली ग्रीक परंपरा. इ. स. पूर्व चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलने आपल्या ‘रेटॉरिक’ या ग्रंथात मन वळविण्याची तीन साधने सांगितली : वक्त्याच्या चारित्र्यातून निर्माण होणारा विश्वास, श्रोत्याच्या भावनांना घातलेली साद आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. इथॉस, पेथॉस व लोगॉस या नावांनी ती ओळखली जातात. मराठीत त्यांना अनुक्रमे वक्तृप्रामाण्य, भावजागृती आणि युक्ती म्हणता येईल. ही तीन साधने म्हणजे लेखाचे तीन स्वतंत्र भाग होत, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो. वस्तुतः एकाच वाक्यात तिन्ही कार्यरत असू शकतात. याच ग्रंथात अॅरिस्टॉटल एन्थिमीम या अनुमानप्रकाराला फार महत्त्व देतो. अनुमानातील एखादे आधारविधान श्रोत्यांना ठाऊकच आहे असे धरून वक्ता ते उच्चारत नाही; श्रोता ते मनातल्या मनात भरून काढतो. मराठी व्याकरणातील परिचित शब्द वापरून याला ‘अध्याहृत अनुमान’ म्हणता येईल. अध्याहृत विधान श्रोत्याने स्वतः पुरविलेले असल्यामुळे निष्कर्षही त्याला स्वतःचाच वाटू लागतो. त्याची परिणामकारकता यातच आहे, आणि धोकाही यातच आहे.

दुसरी परंपरा न्यायशास्त्राची. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन हे अनुमानवाक्याचे पाच अवयव होत. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा पर्वत तसाच धूरयुक्त आहे, हा उपनय. म्हणून तेथे अग्नी आहे, हे निगमन. अग्रलेखात हे पाचही अवयव क्वचितच सापडतात. कोणता अवयव गाळला आहे हे शोधणे, हाच मतप्रवर्तक गद्याच्या पृथक्करणाचा पहिला अभ्यास होय. न्यायसूत्रांनी चर्चेचेही तीन प्रकार मानले आहेत : तत्त्वनिर्णयासाठी होणारा वाद, जयासाठी होणारा जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करणारी वितंडा.

तिसरी परंपरा काव्यशास्त्राची. मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त काव्यप्रयोजनांचा विचार करताना उपदेश हेही एक प्रयोजन मानले. स्वामी आज्ञा करतो तसा वेदांचा उपदेश, मित्र समजावतो तसा इतिहास-पुराणांचा आणि प्रिया मन वळविते तसा काव्याचा, असा भेद यासंबंधात सांगितला जातो. मन वळविणे हा विषय आपल्या काव्यशास्त्राला परका नव्हता, हे यावरून दिसते. अलंकारांच्या वर्गीकरणातही रुय्यकाने काव्यलिंग व अनुमान यांसाठी तर्कन्यायावर आधारलेला वेगळा वर्ग कल्पिला. अलंकार व तर्क यांचे नाते प्राचीनांनी ओळखले होते. अध्यापनाच्या सोयीत ते मागे पडले.

३. वक्तृप्रामाण्य : नाव आणि सर्वनाम

मतप्रवर्तक लेखनातील पहिली कबुली युक्तिवाद सुरू होण्यापूर्वीच घेतली जाते. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून जी पत्रे लिहिली, ती ‘लोकहितवादी’ या नावाने. हे टोपणनाव म्हणजे एक विधानच आहे. लेखकाचा हेतू लोकांचे हित हा आहे, हे वाचकाने पत्राची पहिली ओळ वाचण्याआधीच मान्य करावे, अशी त्याची योजना आहे. पत्रांचा आशय बहुशः कठोर स्वजनटीकेचा असल्यामुळे या कबुलीची गरज अधिकच होती. शिवाय लेखक स्वतः ब्राह्मण असून ब्राह्मणवर्गावर टीका करतो, ही वस्तुस्थिती त्याच्या प्रामाण्यात भर घालते. स्वतःच्या वर्गाविरुद्ध दिलेली साक्ष सहसा अधिक विश्वसनीय मानली जाते.

वक्तृप्रामाण्य घडविणारे दुसरे साधन म्हणजे सर्वनाम. शैलीविचारात त्याची दखल क्वचितच घेतली जाते. आगरकरांच्या ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ या शीर्षकाचे दोन भाग पाहावेत. पहिल्या भागात विरोधाभास आहे. वाचकाला आधी शहाणा म्हटले आहे आणि लगेच त्याच्या पदरी मूर्खपणा घातला आहे. शहाणपणाचा मान नाकारावा असे कोणालाच वाटत नाही. तो स्वीकारला की मूर्खपणाचा विचार करणे भाग पडते. दुसऱ्या भागातील ‘आमचे’ हे सर्वनाम लेखकालाही आरोपितांच्या रांगेत उभे करते. टीका बाहेरून आलेली नाही, घरातून आलेली आहे, ही कबुली या एका शब्दाने मिळविली आहे. अर्थात वाचक ती नाकारू शकतो. आगरकरांच्या हयातीतच सनातनी विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, या घटनेचा अर्थ याही दृष्टीने लावता येतो. हा मनुष्य ‘आमच्या’पैकी नाही, असे त्या कृतीने जाहीर केले; त्याच्या एकाही आधारविधानाचे खंडन मात्र तिच्यात नव्हते.

‘सुधारक’ पत्र १८८८ साली सुरू झाले. त्यातील ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’ हे आगरकरांचे शीर्षक समांतर रचनेचे उत्तम उदाहरण आहे. समांतर रचनेत दोन वाक्यांशांची घडण एकसारखी असल्यामुळे त्यांचा आशयही समतोल आहे असे वाचकाला वाटते. येथे मात्र समतोल घडणीतून भेद दाखविला आहे. बोलण्याची कसोटी इष्टता आणि करण्याची कसोटी साध्यता, अशा दोन निराळ्या कसोट्या लेखक स्वतःला लावून घेतो. सुधारकांवर नेहमी येणारा ‘बोलता तसे करीत का नाही?’ हा आक्षेप त्याने आधीच ओळखून त्याला उत्तर देऊन ठेवले आहे. ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक लिहिणाऱ्या आगरकरांना वाक्यरचना आणि विचाररचना यांचे नाते किती नेमके कळले होते, याचा हा पुरावा होय.

४. दृष्टांत आणि दार्ष्टांतिक

मतप्रवर्तक गद्यात सर्वाधिक आढळणारे साधन म्हणजे दृष्टांत. त्याच्या परीक्षणासाठी लागणारी संज्ञा मराठी गद्याच्या आरंभकाळातच तयार झालेली आहे. महानुभाव पंथाच्या केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठा’त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असे तीन घटक ठेवले. सूत्र हे सिद्धांतविधान, दृष्टांत ही लौकिक कथा, आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या कथेतील कोणती बाब सिद्धांतातील कोणत्या बाबीशी जुळते याचे स्पष्टीकरण. आधुनिक गद्यात हा तिसरा घटक बहुधा गळालेला असतो. दृष्टांत पटला म्हणून सिद्धांत पटला, असा भ्रम तेथेच होतो. दृष्टांताचे परीक्षण करावयाचे म्हणजे हा गळालेला दार्ष्टांतिक लिहून काढावयाचा.

तीन उदाहरणे घेऊ. जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. शीर्षकातच एक साम्य गृहीत आहे : शूद्रातिशूद्रांची येथील स्थिती म्हणजे गुलामगिरी. हे केवळ रूपक आहे काय? जोतीरावांनी हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी जनांना अर्पण केला. ही अर्पणपत्रिका दार्ष्टांतिकाचे काम करते. साम्य कशाशी आहे हे ती सांगते; आणि तेथे दास्याचे उच्चाटन झाले, या घटनेकडे बोट दाखवून येथेही ते शक्य आहे असा निष्कर्ष वाचकापुढे ठेवते. शीर्षक व अर्पणपत्रिका एकत्र वाचल्याशिवाय हा युक्तिवाद पुरा होत नाही.

दुसरे उदाहरण ‘मूकनायका’चे. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या पहिल्या अंकातील अग्रलेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली आहे. एकेक जात म्हणजे त्याचा एकेक मजला. पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास जिनाच नाही. समाजातील उच्चनीचता दाखवावयाची एवढाच हेतू असता तर डोंगर किंवा शिडी यांची उपमाही चालली असती. परंतु डोंगर चढता येतो, शिडीच्या पायऱ्या चढता येतात. जिना नसलेल्या मनोऱ्यात गुणवत्तेलाही वर जाण्यास वाट नाही आणि नालायकीलाही खाली येण्याचे भय नाही. सारा युक्तिवाद त्या नसलेल्या जिन्यात आहे. या दृष्टांताचा दार्ष्टांतिक लिहून पाहिला तर प्रत्येक घटक सिद्धांतातील घटकाशी जुळतो. दृष्टांत समर्पक आहे, या विधानाला येथे निश्चित अर्थ प्राप्त होतो.

तिसरे उदाहरण न्यायालयातले आहे. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेक उत्सवातील भाषणांचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ हे पद्य प्रसिद्ध झाले. अफझलखानाच्या वधाची चर्चा त्या भाषणांत होती. २२ जून रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडण्यात आली आणि पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर त्या खटल्यातील एक कळीचा प्रश्न असा होता की, इतिहासाच्या दृष्टांतापुढे जो दार्ष्टांतिक छापलेला नाही, तो लेखकाचा मानावयाचा की वाचकाचा? सरकारपक्षाने तो लेखकाच्या पदरी घातला. बचावपक्षाच्या दृष्टीने तो ऐतिहासिक प्रश्नाचा ऊहापोह होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातील अप्रीतीचा अर्थ प्रीतीचा अभाव असा व्यापक लावला आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. अध्याहृत विधानाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकातला नाही, हे या प्रकरणावरून ध्यानात यावे. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी आपल्या लेखांच्या सरकारी इंग्रजी भाषांतरावर जे आक्षेप घेतले, त्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न होता. शब्दाच्या मराठी छटा बदलल्या की वाचक जे अध्याहृत धरतो तेही बदलते.

५. प्रश्न आणि निषेधरूप व्याख्या

उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारलेल्या प्रश्नाला वक्तृत्वविचारात विशेष स्थान आहे. संस्कृत काव्यशास्त्रात काकू म्हणजे स्वरभेदाने होणाऱ्या अर्थबोधाचा विचार आहे. त्याला अनुसरून अशा प्रश्नाला काकुप्रश्न म्हणता येईल. त्याचे कार्य समजण्यासाठी एक रचलेले वाक्य पाहू : ‘ज्या गावात शाळा नाही, तेथील मूल शिकत नाही याचा दोष तुम्ही मुलाला देणार काय?’ वाचक मनात ‘नाही’ म्हणतो. परंतु त्या ‘नाही’बरोबर त्याने आणखी एक गोष्ट मान्य केलेली असते : मूल न शिकण्याचे कारण शाळा नसणे हेच आहे. प्रश्नाने उत्तर उघड मागितले आणि कारण गुपचूप घेतले.

जुलै १८९७ मध्ये टिळकांनी लिहिलेल्या ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या अग्रलेखाच्या शीर्षकात हे साधन स्पष्ट दिसते. ‘डोके ठिकाणावर नसणे’ हा घरगुती वाक्प्रचार. तो सरकारला लावल्याबरोबर सत्ता ही अगम्य यंत्रणा न राहता, संतापाच्या भरात भान सुटलेला एक माणूस बनते. हेच होकारार्थी विधान म्हणून लिहिले असते तर लेखकाला पुरावा द्यावा लागला असता. प्रश्न म्हणून लिहिल्याने निवाडा वाचकाकडे गेला. यानंतरच्या ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’ या शीर्षकात दुसरे साधन आहे. वरवर पाहता ही राज्यशास्त्रातील एक व्याख्या आहे आणि तिच्याशी कोणी असहमत होणार नाही. परंतु जे कोणी म्हटलेलेच नाही त्याचा निषेध करण्याचे कारण काय? कोणीतरी सूड उगवीत आहे, हे त्या निषेधाने गृहीत धरले आहे. निर्विवाद विधानाच्या पोटात आरोप ठेवण्याच्या या पद्धतीला निषेधरूप व्याख्या म्हणावे. ही कबुली आधाराने मिळविली आहे काय, हे ठरविण्यासाठी शीर्षकावर न थांबता रँडवधानंतर पुणेकरांवर लादलेल्या निर्बंधांविषयी त्या लेखांत दिलेल्या तपशिलाकडे जावे लागते. साधन आणि आधार यांची अशी सांगड घालून पाहणे म्हणजेच मतप्रवर्तक गद्याचे वाचन.

६. अर्थान्तरन्यास आणि अर्थापत्ती

सामान्य विधानाने विशेषाचे किंवा विशेषाने सामान्याचे समर्थन करणे, हा अर्थान्तरन्यास. ‘तालुक्याचे ग्रंथालय अखेर बंद पडले, ज्याला वाली नाही ते टिकत नाही’, या रचलेल्या वाक्यात उत्तरार्ध म्हणीसारखा आहे. म्हणीला पुरावा मागण्याची रीत नाही. त्यामुळे ग्रंथालयाला खरोखर वाली नव्हता, की वाली असून निधी नव्हता, हा प्रश्न झाकला जातो. येथे विशेषाचे कारण शोधण्याऐवजी ते एका परिचित सामान्याखाली ठेवले आहे. मराठी अग्रलेखाच्या परिच्छेदाअखेर येणाऱ्या म्हणी व सुभाषिते या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत.

अर्थापत्तीचे स्पष्टीकरण आपले आलंकारिक दण्डापूपिका न्यायाने करतात. काठीला घारगे बांधले होते. उंदराने काठीच खाल्ली असेल, तर घारगे खाल्ले हे वेगळे सांगावयास नको. एक गोष्ट सिद्ध झाली की तिच्याहून सोपी गोष्ट आपोआप सिद्ध होते. ‘पदवीधरालाही साधा अर्ज लिहिता येत नाही, मग चौथी शिकलेल्याची काय कथा?’ हे त्याचे रोजच्या व्यवहारातील रूप. या साधनाचे बळ एका अटीवर अवलंबून आहे : दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता आल्या पाहिजेत. अर्ज लिहिण्याचे कौशल्य शिक्षणाच्या वर्षांबरोबर वाढतेच असे नसेल, तर वरील वाक्य ऐकण्यास ठसकेबाज असूनही त्यातील अनुमान कोसळते.

७. व्याजस्तुती आणि उपरोध

वरून स्तुती व आतून निंदा, किंवा याच्या उलट, अशा रचनेला व्याजस्तुती म्हणतात. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ साली सुरू केलेल्या ‘काळ’ पत्राच्या संदर्भात तिचा उल्लेख नेहमी केला जातो. त्याच वर्षी राजद्रोहविषयक कलम दुरुस्तीने अधिक व्यापक झाले. उघड निंदेला शिक्षेचे भय असलेल्या काळात हे साधन बहराला यावे यात नवल नाही. तथापि कायद्यातून सुटण्याची युक्ती एवढेच त्याचे स्वरूप मानणे बरोबर नाही. शब्दार्थ व अभिप्रेत अर्थ यांतील अंतर वाचकाने स्वतः तोडावयाचे असते. ते तोडताना त्याला स्वतःच्या चतुराईचा आनंद मिळतो आणि तो लेखकाच्या गोटात सामील होतो. ज्याला उपरोध कळला नाही तो बाहेर राहतो. अशा रीतीने उपरोध ‘आम्ही’ आणि ‘ते’ अशी विभागणी करीत असतो.

याची मर्यादाही येथेच आहे. उपरोधाला पूर्वीपासूनच सहमत असलेला वाचक लागतो. विरुद्ध मताच्या वाचकाला तो क्वचितच वळवितो, बहुधा दुखवितो. चतुराईच्या आनंदात पुराव्याची उणीव विसरली जाते, हा दुसरा धोका. आणि सत्तेला उपरोध कळत नाही, ही समजूतही खरी नव्हे. परांजपे यांना १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली आणि ‘काळा’तील निवडक निबंधांचे ग्रंथ सरकारने जप्त केले.

८. पूर्वपक्ष, प्रतिबंदी आणि छल

विरुद्ध पक्षाला लेखात कोठे व कसे स्थान दिले आहे, यावरून लेखन वादाच्या कोटीतले आहे की जल्पाच्या, हे कळते. ‘गुलामगिरी’ची रचना जोतीराव व धोंडीबा यांच्या संवादाची आहे. संवादरचनेत प्रश्नकर्त्याच्या तोंडून पूर्वपक्ष मांडता येतो. परंतु धोंडीबा हा बहुशः जिज्ञासू श्रोता आहे, कडवा प्रतिपक्षी नव्हे. येथे संवादाचे कार्य पूर्वपक्षाच्या खंडनापेक्षा नवख्या वाचकाला बरोबर घेऊन जाण्याचे अधिक आहे. दोन्ही कार्ये योग्य आहेत. ती एकच आहेत असे मात्र मानू नये.

ताराबाई शिंदे यांच्या १८८२ मधील ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधाचे मुख्य साधन प्रतिबंदी हे आहे. प्रतिपक्ष जो दोष माझ्यावर ठेवतो तोच त्याच्यावर उलटविणे, म्हणजे प्रतिबंदी. शास्त्रचर्चेत हे साधन दुबळे मानले जाते. कारण दोष तुझ्यातही आहे म्हटल्याने तो माझ्यात नाही हे सिद्ध होत नाही. मग ताराबाईंचा युक्तिवाद दुबळा आहे काय? याचे उत्तर त्यांच्या प्रतिज्ञेत आहे. स्त्रिया निर्दोष आहेत असे सिद्ध करणे त्यांचे उद्दिष्ट नाही. जे दुर्गुण स्त्रीजातीचे म्हणून सांगितले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा प्रश्न आहे. म्हणजे दोष लिंगपरत्वे ठरत नाहीत आणि समाज दोन मापे वापरतो, ही त्यांची प्रतिज्ञा होय. या प्रतिज्ञेला प्रतिबंदीच नेमका पुरावा ठरते, कारण मापांतील भेद दोन्ही बाजू शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. एकच साधन एका प्रतिज्ञेसाठी निकामी आणि दुसरीसाठी निर्णायक असू शकते, हे यावरून स्पष्ट व्हावे. शीर्षकातील ‘तुलना’ हा शब्द त्या अर्थाने ग्रंथाच्या तर्कपद्धतीचे नाव आहे.

छल म्हणजे प्रतिपक्षाच्या शब्दाला त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ चिकटवून त्याला खोटे पाडणे. न्यायशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण ‘नवकंबल’ या शब्दाचे आहे. वक्त्याचा अर्थ नवे कांबळे. छलवादी म्हणतो, याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत? छलाच्या शेजारचा प्रकार म्हणजे विधान बाजूस ठेवून ते करणाऱ्याच्या भाषेवर प्रहार करणे. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांच्या लेखनाचा जो समाचार घेतला, त्यात भाषेतील व व्याकरणातील दोषांची थट्टा हा एक ठळक भाग होता. ती थट्टा वाचताना आजही हसू येते. परंतु अशुद्ध वाक्यातले विधान खरे असू शकते आणि शुद्ध वाक्यातले खोटे. व्याकरणदोष दाखविल्याने शेतकऱ्याच्या दारिद्र्याविषयीचे किंवा विद्येच्या अभावाविषयीचे एकही विधान खोटे ठरत नाही. वाचकाकडून येथे घेतलेली कबुली अशी की, ज्याला भाषा येत नाही त्याला बोलण्याचा अधिकार नाही. ती उघड शब्दांत मांडली असती तर तिचे समर्थन करणे कठीण गेले असते.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनाने ही कबुली दीर्घकाळ वागविली, असे म्हणावेसे वाटते. गद्यशैलीचा मानदंड म्हणून ‘निबंधमाला’ शिकविली गेली. जोतीरावांच्या गद्याचा विचार समाजसुधारणेच्या इतिहासाकडे सोपविण्यात आला. त्यांचे समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळामार्फत एकत्रित प्रसिद्ध होण्यास १९६९ साल उजाडले. ताराबाईंचा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणला, तोपर्यंत तो विस्मृतीतच होता. अलंकार म्हणजे शोभा आणि शैली म्हणजे सफाई, हे समीकरण मान्य केल्याचा हा परिणाम आहे. चिपळूणकरांचे गद्यप्रभुत्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रभुत्व आणि प्रामाण्य यांचा हिशोब वेगवेगळा ठेवावयास हवा होता.

९. समारोप

वरील विवेचनातून अध्यापनासाठी एक साधी पद्धत सुचविता येईल. मतप्रवर्तक गद्याचा उतारा घेतल्यावर प्रथम त्यातील प्रतिज्ञा विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहावी. नंतर पाच अवयवांपैकी कोणते उघड आहेत आणि कोणते अध्याहृत, हे नोंदवावे. मग प्रत्येक अलंकारापुढे त्याने घेतलेली कबुली विधानरूपाने लिहावी : दृष्टांतापुढे दार्ष्टांतिक, काकुप्रश्नापुढे त्यातील गृहीत, अर्थापत्तीपुढे तिचे समान माप, उपरोधापुढे त्याचा सरळ अर्थ, प्रतिबंदीपुढे तिची प्रतिज्ञा. शेवटी त्या कबुलीला लेखात अन्यत्र आधार सापडतो काय, हे शोधावे. अलंकाराचे नाव बरोबर सांगण्याला या पद्धतीत गुण असावेत, परंतु सर्वांत कमी.

या पद्धतीने वाचल्यास सुंदर गद्याविषयी संशय बळावेल, अशी शंका घेतली जाईल. अनुभव तसा नाही. जिना नसलेल्या मनोऱ्याचा दृष्टांत असा उलगडल्यावर तो अधिकच प्रभावी वाटतो, आणि ‘स्त्रीपुरुष तुलना’ या शीर्षकातील तर्क कळल्यावर त्या ग्रंथाची धार वाढते. ज्या अलंकारामागे विचार आहे, त्याला पृथक्करणाचे भय नसते. वर्तमानपत्र, व्यासपीठ आणि आता हातातील पडदा यांवरून विद्यार्थ्यासमोर दिवसभर मतप्रवर्तक भाषा येत असते. तिच्यातील न बोललेले विधान शोधून ते शब्दांत मांडण्याची सवय त्याला लागावी, ही जबाबदारी भाषा व वाङ्मय शिकविणाऱ्या विभागांची आहे. त्यासाठी लागणाऱ्या संज्ञा आपल्या परंपरेत आहेत आणि उत्तम पाठही मराठी गद्यात आहेत.